कोयता दोघांचा, लेकरू कोणाचं?

दिवाळी सरली की पुसद, उमरखेड, महागावकडच्या तांड्यांवरून ट्रक सुटतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात, ऊस तोडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि त्यावर मुकादमाची उचल. या हिशेबात बाईचा अर्धा वाटा धरलेला असतो. तिच्या कडेवरचं लेकरू मात्र कुठंच धरलेलं नसतं.

मंडळी, कामावरच्या आईचं मूल कोणी सांभाळायचं यावर आपल्या देशात पाऊणशे वर्षांपासून कायदे होत आलेत. १९४८ च्या कारखाने कायद्यानं सांगितलं, ५० पेक्षा जास्त बाया कामाला असतील तर पाळणाघर हवं. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आणला. १९७९ ला आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा कायदा आला, त्याच्या नियमांत २० बायांमागे पाळणाघर होतं. १९९६ चा बांधकाम मजुरांचा कायदा पुन्हा ५० वर गेला.

आता ऊसतोडीची टोळी मोजा. दहा-पंधरा कोयते, म्हणजे बाया दहा-पंधराच. आकडा गाठलाच जात नाही! शिवाय ही बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, ती मुकादमाची माणूस. आणि १९७९ च्या कायद्याची गंमत अशी होती, की पुसदहून बेळगावला गेलेला मजूर स्थलांतरित, कोल्हापूरला गेलेला नव्हता. थंडी दोन्हीकडं सारखीच, उसाचं फडही सारखंच.

याच संदर्भात आपल्या जिल्ह्याचा एक मोठा धागा आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्याच काळात रोजगार हमी राज्यभर सुरू झाली. कल्पना वि. स. पागे यांची. पुढं १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामांवर बाया मोठ्या संख्येनं आल्या. गाव न सोडता काम मिळालं की मायबाप, आजी, शेजारीण जवळ राहतात, हा त्यातला न बोललेला फायदा. मग २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात एक शहाणं कलम आलं: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर एका बाईला फक्त ती सांभाळायला बसवायचं आणि मजुरी तिलाही द्यायची. बघा, इथं मोजणी उलटी आहे. बाया नाही, लेकरं मोजली. पाच लेकरं तर कोणत्याही टोळीत निघतील. पण ऊसतोड म्हणजे रोजगार हमी नव्हे.

ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९४५ ला त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षण केंद्र काढलं, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं, सोबत अनुताई वाघ. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण घरचं तान्हं तिच्या कडेवर असतं. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये तर थेट बांधकामावरच पाळणाघर उघडलं आणि मजूर पुढच्या साइटवर गेले की पाळणाघरही मागोमाग, म्हणून त्याचं नाव मोबाइल क्रेशेस. आपली अंगणवाडी १९७५ ची, पण ती गावात पक्की बसलेली. ती ट्रकमध्ये चढत नाही. साखरशाळा निघाल्या त्या शाळेच्या वयाच्या पोरांसाठी. सहाच्या आतलं लेकरू फडातच, नाहीतर तांड्यावर आजीपाशी.

आजीवरून आठवलं. आपल्या यवतमाळच्या कॉलन्यांमधल्या किती घरांना सध्या कुलूप आहे? आजी-आजोबा अमेरिकेत, नातवंडापाशी. पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, मग हे परत येतात आणि व्याही-विहीण जातात. तिथल्या सुनेला नवऱ्याच्या व्हिसावर काम करायची परवानगीच नव्हती. २६ मे २०१५ पासून काहींना मिळू लागली. परवानगी मिळाली की पुढचा प्रश्न पाळणाघराच्या महागड्या फीचा. विमानातली आजी आणि तांड्यावरची आजी एकच काम करतात, दोघींच्याही हातात त्याचा पैसा पडत नाही. फरक इतकाच की विमानातल्या आजीच्या नातवाला गरम खोली आहे. फडातल्या लेकराला दोन बांबूंना बांधलेली लुगड्याची झोळी, आणि बाजूनं ट्रॅक्टर मागं घेतला जातोय.

पुढच्या हंगामाची उचल दसऱ्याच्या आधीच वाटली जाईल. मुकादमाकडं कोयत्यांची यादी असते, तीच पुढं कारखान्यालाही हवी असते. त्या यादीत ‘सहा वर्षांखालची लेकरं’ असा एक रकाना वाढवायला किती खर्च येतो? पाच भरली की टोळीतली एक बाई राखणीला, मजुरी चालू. आपल्या आमदारांना, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना हे विचारा. मी विचारणार आहे, उत्तर आलं की इथंच टाकतो.