पेपरोनीच्या कुरकुरीत चकत्या

ओव्हन २०० अंशांवर तापवून त्यात पेपरोनीच्या पातळ चकत्या ठेवल्या की पाच-सहा मिनिटांत कडा वर उचलल्या जातात, चकतीची वाटी होते आणि त्या वाटीत केशरी चरबी साचते. कडा काळपटायच्या आत काढून कागदावर पसरायच्या. गरम असताना लिबलिबीतच असतात, खुसखुशीतपणा येतो तो निवल्यावर. पिठाचा कण नाही, म्हणून कर्बोदकं (कार्ब्ज) टाळणारी कीटोवाली मंडळी वेफर्सऐवजी हेच खातात आणि आपणच शोध लावल्याच्या थाटात सांगतात.

शोध कसला! फ्रिज नव्हते तेव्हा मांस टिकवायचं तर मीठ लावून त्यातलं पाणी कमी करायचं, हा जुना उपाय होता. पेपरोनी त्याच घराण्यातली, पण फार धाकटी. ती जन्मली अमेरिकेत, न्यूयॉर्कमधल्या इटालियन खाटकांकडे, १९१९च्या सुमारास. गाईचं आणि डुकराचं मांस बारीक करून त्यात मीठ, पाप्रिका आणि नायट्राइट घालतात, ते आंबवतात, मग वाळवतात. नायट्राइट बॉट्युलिझम या विषबाधेच्या जिवाणूला रोखतं आणि मांसाचा रंगही राखतं. पाप्रिकाची लाल मिरची युरोपात पोचली ती कोलंबसामुळे. आपल्या गोव्याच्या चोरिसाची लालीही मूळची अमेरिका खंडातलीच, फक्त ती पोर्तुगीज जहाजांतून आली.

ती खाणाऱ्या कीटोवाल्यांच्या पथ्याचं कूळ मात्र लंडनचं. अंत्यविधींची व्यवस्था करणारा विल्यम बँटिंग २०२ पौंडांवर गेला होता. विल्यम हार्वी नावाच्या डॉक्टरने त्याचा पाव, साखर, बटाटे आणि बिअर बंद केली. वजन उतरलं, तेव्हा १८६३मध्ये बँटिंगने आपला अनुभव पुस्तिकेत छापला आणि ती तुफान खपली. गंमत अशी, की नाश्त्याला बेकन चालत होतं, पण डुकराचं इतर मांस वर्ज्य! पुढे १९७२मध्ये डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने ही पथ्याची तऱ्हा अमेरिकेत घरोघरी नेली.

म्हणजे टिकाऊ मांस गरजेपोटी जन्मलं आणि पथ्य सुबत्तेपोटी. ओव्हनमध्ये दोघांची सोयरीक जमली, पण कार्ब्ज मोजणाऱ्यांचं लक्ष मिठाकडे जात नाही. भाजताना पाणी उडतं, चरबी गळते, मीठ बहुतेक जागच्या जागी. २८ ग्रॅम कच्च्या पेपरोनीत सुमारे ५०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २,००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते. शिवाय तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. वाटीभर चकत्या बसल्या बसल्या संपतात, आणि त्या वाटीसाठी अख्खं पाकीट रिकामं झालेलं असतं.