जबरदस्त!

‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये (२०१९) कॅप्टन अमेरिकेच्या हाती थॉरचा हातोडा येतो, तेव्हा मराठी प्रेक्षकाच्या तोंडून हमखास एकच शब्द निघतो. ‘द रेड’मधल्या (२०११) इंडोनेशियन मारामारीलाही तोच. जबरदस्त!

शब्द फारसी. ‘जबर’ म्हणजे वर, ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात वर, तो जबरदस्त. हा ‘दस्त’ संस्कृत ‘हस्त’चा सख्खा भाऊ. ‘जबर’च्या उलट ‘जेर’, म्हणजे खाली. खलनायकाला जेरीस आणणारा नायक जबरदस्त ठरतो, आणि दोन्ही शब्द एकाच घरचे निघतात, हे फार सुंदर आहे.

पुढे वाटा फुटल्या. आजच्या फारसीत ‘जबरदस्त’ म्हणजे निष्णात, कसबी. मराठीत मात्र बळाचा अर्थ टिकला आणि ‘जबरदस्ती’त तो जुलमापर्यंत गेला. बातमीतली ‘जबरदस्तीने वसुली’ अंगावर येते. ‘जबरदस्त फाइट’ मात्र निखळ कौतुक.

थिएटरबाहेरच्या गप्पांत आता ‘जबरदस्त’च्या जागी आखूड शब्दही येतात. ‘क्लायमॅक्स जबरी होता’, असं कुणी म्हणतं. तरुण मंडळी ‘जबराट’ म्हणतात. त्यांत ‘दस्त’ नाही, जोर मात्र तोच.