पाठीवरचे बिऱ्हाड

विज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शोध, सिद्धान्त आणि पारितोषिके यांचीच नोंद करतो. शोध लावणाऱ्याची त्या वेळी नेमणूक कोणती होती, तिची मुदत किती होती आणि ती संपल्यावर तो कोठे जाणार होता, हे प्रश्न गौण समजून चरित्रकारांवर सोपवले जातात. संगणकीय रसायनशास्त्राच्या इतिहासात मात्र या प्रश्नांना बगल देता येत नाही. या शाखेतील काही निर्णायक पावले टाकली गेली तेव्हा ती टाकणाऱ्यांपाशी कायमची जागा नव्हती. ते ‘पोस्टडॉक’ होते.

हा शब्द आता आपल्याकडच्या घरांतूनही ऐकू येतो. पीएच.डी. झालेली आहे, अध्यापकाची जागा मिळालेली नाही, आणि दरम्यानची दोन-तीन वर्षे दुसऱ्या कोणा प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत, बहुधा परमुलखात, संशोधनवृत्तीवर काढायची आहेत, अशी ही अवस्था. शिक्षण संपले असेल तर नोकरी का नाही, आणि नोकरी असेल तर ती मुदतीची का, असे वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांच्या दृष्टीने ही वाट पाहण्याची वर्षे असतात. इतिहास काय सांगतो, ते पाहणे उद्बोधक आहे.

१९२६ मध्ये श्रोडिंगरने आपले समीकरण मांडले, तेव्हा तत्त्वतः सारे रसायनशास्त्र गणिताच्या कक्षेत आले. व्यवहारात मात्र हायड्रोजनचा अणू ओलांडून हेलियमपाशी येताच अचूक उत्तर मिळेनासे होते. मग अंदाज बांधायचे आणि अफाट आकडेमोड करायची, एवढाच मार्ग उरतो. ऑक्सफर्डचे चार्ल्स कूल्सन हे या मार्गाचे एक मोठे आचार्य. नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये बालपणीच व्हिएन्ना सोडावे लागलेले मार्टिन कारप्लस यांनी लायनस पॉलिंग यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली आणि १९५३ ते १९५५ ही दोन वर्षे ते कूल्सन यांच्याकडे राहिले. त्यांनी या काळात कॅमेरा घेऊन युरोप पालथा घातला. १९६६ मध्ये ते हार्वर्डला प्राध्यापक झाले, आणि तात्पुरत्या मुक्कामाची किंमत स्वतः जाणणाऱ्या या गृहस्थांकडेच पुढे अशा मुक्कामाला माणसे येऊ लागली.

याच सुमारास इस्राएलमधील रेहोवोत येथे, वाइझमन संस्थेत, श्नाइओर लिफ्सन वेगळ्या वाटेने रेणूंचा अभ्यास करीत होते. अणू म्हणजे गोळे आणि बंध म्हणजे त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, अशी कल्पना करून न्यूटनच्या यामिकीनेच रेणूची ऊर्जा मोजायची, ही त्यांची पद्धत. संस्थेने स्वतः बांधलेला संगणक हाताशी होता. ज्यू दंतकथेतील मातीच्या अजस्र सेवकावरून त्याला ‘गोलेम’ हे नाव दिलेले होते. लिफ्सन यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी आरिए वॉर्शेल हे किबुत्झमध्ये वाढलेले. प्रिटोरियात जन्मलेले मायकेल लेव्हिट यांना केंब्रिजच्या जॉन केंड्र्यू यांनी पीएच.डी.ला घेण्यापूर्वी वर्षभरासाठी रेहोवोतला धाडले होते. या तिघांच्या कामातून असा प्रोग्रॅम तयार झाला, की तो लहान कार्बनी रेणूंना लागू पडे आणि प्रथिनासारख्या प्रचंड रेणूंनाही.

या पद्धतीत एक मूलभूत उणीव होती. स्प्रिंग ताणली जाते, वाकते. पण रासायनिक बंध तुटतो आणि नवा जुळतो, ही घटना गोळे-स्प्रिंगांच्या भाषेत सांगता येत नाही. तेथे इलेक्ट्रॉनांचा हिशेब लागतो, म्हणजे पुंजयामिकी लागते. ती विद्या हार्वर्डला कारप्लस यांच्याकडे होती, परंतु ती लहान रेणूंपुरतीच पेलवत असे. एकाकडे आवाका होता, दुसऱ्याकडे सूक्ष्मता. १९६९ मध्ये कारप्लस काही महिने रेहोवोतला राहिले आणि वॉर्शेल यांची व त्यांची ओळख झाली. १९७० मध्ये वॉर्शेल पोस्टडॉक म्हणून हार्वर्डला गेले, ते आपला प्रोग्रॅम बरोबर घेऊनच.

लिफ्सन यांच्या गटाचे निबंध छापून आले होते. हार्वर्डच्या ग्रंथालयात ते कोणालाही वाचता आले असते. मग माणूसच जाण्याची गरज काय होती? निबंधात सूत्र असते, निष्कर्ष असतो. कोणता स्थिरांक कशासाठी निवडला, आकडेमोड कोठे अडते, आणि अडली तर काय करून पाहायचे, हे निबंधात नसते. ते प्रोग्रॅममध्ये आणि तो लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. पूर्वी गवई एका घराण्याची तालीम घेऊन दुसऱ्या गावी जात आणि तेथल्या गायकीला नवे वळण मिळे. त्यातलाच हा प्रकार. १९७२ मध्ये वॉर्शेल आणि कारप्लस यांचा निबंध प्रसिद्ध झाला. रेणूतील काही इलेक्ट्रॉनांसाठी पुंजयामिकी आणि उरलेल्या सांगाड्यासाठी अभिजात यामिकी, अशी विभागणी त्यात केलेली होती.

ती पद्धत ठरावीक घडणीच्या रेणूंपुरती होती. पुढचे पाऊलही फिरतीवरच पडले. हार्वर्डहून परतलेले वॉर्शेल आणि केंब्रिजची पीएच.डी. संपवून आलेले लेव्हिट रेहोवोतला पुन्हा भेटले. नंतर दोघेही केंब्रिजला गेले. वॉर्शेल पुन्हा मुदतीच्या वृत्तीवर. १९७६ मध्ये त्यांनी लायसोझाइम या विकराच्या क्रियेचा हिशेब मांडला. आपल्या अश्रूंत असणारे हे विकर जिवाणूंच्या भिंतीतील शर्करेचा बंध तोडते. प्रत्यक्ष बंध तुटतो तेवढ्या जागी पुंजयामिकी, आणि भोवतीचे प्रथिन व पाणी यांना ढोबळ हिशेब, अशी त्यांची योजना होती. विकरांच्या अभ्यासाला त्यामुळे नवे साधन मिळाले. पुढच्याच वर्षी कारप्लस यांच्या गटाने एका लहान प्रथिनाची हालचाल संगणकावर प्रथमच उलगडून दाखवली. ती दहा पिकोसेकंदांहूनही कमी काळाची होती, आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष-कोटीवा भाग. त्या निबंधावरचे पहिले नाव होते अँड्र्यू मॅकॅमन या पोस्टडॉकचे, दुसरे ब्रूस गेलिन या विद्यार्थ्याचे आणि तिसरे कारप्लस यांचे.

२०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कारप्लस, लेव्हिट आणि वॉर्शेल यांना विभागून मिळाले. लिफ्सन २००१ मध्येच निवर्तले होते, आणि एका पारितोषिकात तिघांहून अधिकांना स्थान नसते. पारितोषिकाचा नियम आपण बदलू शकत नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने त्याची चौकट आपली म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही.

या इतिहासाचा एक धागा पुण्यालाही येऊन पोचतो. श्रीधर गद्रे कानपूरच्या आय.आय.टी.तून पीएच.डी. करून नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे रॉबर्ट पार यांच्याकडे गेले. इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूचे गुणधर्म काढण्याचा सिद्धान्त रसायनशास्त्रात रुजवणाऱ्यांत पार अग्रणी होते. १९७९ मध्ये पार, गद्रे आणि बार्टोलोटी यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. गद्रे पुढे पुणे विद्यापीठात रुजू झाले. रेणूभोवतीच्या विद्युत-विभवाच्या अभ्यासाने त्यांच्या गटाला ओळख मिळाली आणि १९९३ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार लाभला. पुण्यातच १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक तयार झाला. एकाच वेळी अनेक प्रोसेसरांवर रेणूंचा हिशेब चालवणारे प्रोग्रॅम गद्रे यांच्या गटाने त्यासाठी लिहिले. चॅपेल हिलच्या मुक्कामात जमलेली शिदोरी अशी पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या पानात वाढली गेली.

एवढ्यावरून तात्पुरत्या नेमणुकीचे गोडवे गाणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. इतिहासात उतरतात ती पोचलेली माणसे. मुदतीमागून मुदत काढून, संसार दोन देशांत वाटून, अखेरीस संशोधन सोडून दुसरा व्यवसाय पत्करणारेही असतात, आणि त्यांच्या प्रोग्रॅममधील चार ओळी कदाचित आजही कोठेतरी चालत असतील. जागा तात्पुरती असली, तरी तिच्यावरचे काम तात्पुरते नसते. हे मान्य केले, तर वेतन, मुदत आणि निबंधावरील नावाचा क्रम ठरवणाऱ्यांची जबाबदारी वाढते.

आणि घरी विचारणाऱ्यांना उत्तर देणेही थोडे सोपे होते. मुलगी पाठीवर बिऱ्हाड घेऊन तिसऱ्या गावी निघाली असेल, तर ‘कायमचे कधी होणार?’ हा प्रश्न जरूर विचारावा. तो काळजीचाच प्रश्न आहे. पण त्याआधी, ‘बरोबर काय घेऊन चालली आहेस?’ असेही तिला एकदा विचारावे.