हरवलेली रिळं, पाडलेली थिएटरं

पॅलेस्टाईन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? ढिगारे, तंबू, दगड मारणारी पोरं. टीव्हीने वर्षानुवर्षं एवढंच दाखवलं. पण मंडळी, तिथल्या गावांत चांगली थिएटरंही होती, नीटनेटके कपडे करून सिनेमाला जाणारी माणसं होती. हे वाचताना मी क्षणभर थबकलेच. मग वाटलं, यात नवल ते काय? नवल वाटतं, कारण या माणसांचं साधं आयुष्य आपल्यापर्यंत कधी पोचलंच नाही.

याफा या बंदराच्या गावात १९३७ साली 'अल्हंब्रा' नावाचं देखणं थिएटर उभं राहिलं. १९४८ च्या युद्धात याफा रिकामं झालं. सुमारे ७०,००० अरबांपैकी जेमतेम ४,००० उरले. प्रेक्षकच गेले, मग थिएटर कुणासाठी? इमारत मात्र अजून आहे. २०१२ पासून तिथे सायंटॉलॉजी पंथाचं केंद्र आहे.

जेनिनची गोष्ट याहून चटका लावणारी. तिथलं सिनेमाघर १९५७ सालचं. १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे उठाव, सुरू झाला आणि ते बंद पडलं. २००५ मध्ये त्या गावातला एक शाळकरी मुलगा, अहमद खतीब, इस्रायली सैनिकांच्या गोळीने गेला. त्याच्या हातात खेळण्यातली बंदूक होती. वडील इस्माईल खतीब यांनी मुलाचे अवयव दान केले, आणि ते इस्रायली रुग्णांना मिळाले. मार्कुस फेटर या जर्मन दिग्दर्शकाने लिऑन गेलर यांच्यासोबत त्यावर 'हार्ट ऑफ जेनिन' (२००८) हा माहितीपट केला. त्याच ओढीने फेटर, खतीब आणि गावातल्या मंडळींनी बंद सिनेमाघर दुरुस्त करायला घेतलं. देशोदेशीचे स्वयंसेवक आले, जर्मन सरकारने मदत केली आणि ऑगस्ट २०१० मध्ये पडद्यावर पुन्हा उजेड पडला.

इथेच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण प्रेक्षक पुरेसे येईनात, खर्च भागेना. परक्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या उद्योगाकडे काहीजण संशयानेही बघत. जागा खाजगी मालकीची होती, ती विकली गेली. २०१६ च्या अखेरीस इमारत पाडली, तीही दुकानांचं संकुल बांधायला. रणगाड्याने नव्हे, बाजारभावाने पाडली. सगळा दोष शत्रूवर टाकता आला की इतिहास सोपा होतो. तो तसा नसतो, हे जेनिन शिकवतं.

गाझात 'सामेर' हे १९४४ सालचं थिएटर कित्येक दशकं बंद होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे एका संध्याकाळपुरता एक चित्रपट दाखवला गेला. एकच संध्याकाळ! तरी लोक आले.

आता रिळांबद्दल. १९६८ च्या सुमारास सुलाफा जादल्ला, हानी जौहरिये आणि मुस्तफा अबू अली या तिघांनी जॉर्डनमध्ये 'पॅलेस्टाईन फिल्म युनिट' सुरू केलं. सुलाफा या कैरोत शिकलेल्या कॅमेरावुमन. जौहरिये १९७६ मध्ये लेबनॉनमध्ये चित्रीकरण करतानाच मारले गेले. पॅलेस्टिनी असं कुणी अस्तित्वातच नव्हतं, अशा अर्थाचं विधान गोल्डा मेयर यांनी १९६९ मध्ये केलं होतं. अबू अलींनी १९७४ च्या आपल्या माहितीपटाला नावच दिलं, 'ते अस्तित्वात नाहीत'. त्यात नबातियेच्या निर्वासित छावणीतलं रोजचं जगणं दिसतं आणि मग बॉम्बहल्ल्यानंतरची तीच छावणी.

ही सगळी रिळं बैरुतमध्ये जमा होत होती. १९८२ च्या इस्रायली आक्रमणात तो संग्रहच नाहीसा झाला. खदीजे हबाश्ने या त्याच्या सांभाळकर्त्या. पुढे वर्षानुवर्षं त्या देशोदेशी प्रती शोधत राहिल्या. मला आपले इतिहासाचार्य राजवाडे आठवले, दप्तरांच्या मागे गावोगाव पायपीट करणारे. फरक इतकाच, की राजवाडे आपल्याच मुलखात हिंडत होते.

बैरुतहून नेलेलं काही साहित्य इस्रायली सैन्याच्या अभिलेखागारात आहे, हे रोना सेला या इस्रायली संशोधक बाईंनीच शोधून काढलं आणि २०१७ च्या आपल्या माहितीपटात मांडलं. आणि वाचलं ते काय? जे बाहेर पाठवलं होतं ते! टोकियोत पॅलेस्टाईनच्या हितचिंतकांनी २० चित्रपट जपून ठेवले होते. मोहनद याकूबी यांनी त्यांतून २०२२ मध्ये नवा माहितीपट उभा केला. घरात कुलूपबंद ठेवलेलं गेलं, लोकांना वाटलेलं टिकलं.

सगळ्यात विलक्षण वाटला तो कमाल अल्जाफरी यांचा २०१५ चा 'रिकलेक्शन'. याफामध्ये चित्रित झालेले इस्रायली आणि अमेरिकी कथाचित्रपट त्यांनी घेतले आणि संगणकावर त्यांतले नट पुसून टाकले. उरल्या भिंती, गल्ल्या आणि चुकून कॅमेऱ्यात आलेली मूळची माणसं. दुसऱ्याच्या सिनेमाच्या मागच्या बाजूला त्यांनी आपलं गाव शोधलं.

शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे, साधनांशिवाय इतिहास नाही. ते खरंच आहे. पण साधनं कुणाच्या कुलपात आहेत, हे विचारायलाही शिकवायला हवं होतं, असं आता वाटतं. मार्च २०२५ मध्ये 'नो अदर लँड' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. मसाफेर यट्टा भागातली घरं पाडली जात असताना तिथल्याच तरुणांनी इस्रायली सहकाऱ्यांसोबत तो चित्रित केला. ऑस्करने घरं पाडायची थांबली नाहीत. पण ती घरं होती, हे आता कुणाला नाकारता येणार नाही. साधनांचं काम तेवढंच असतं, आणि ते थोडं नाही.

असो. यातलं काही मिळालं तर जरूर पाहा, आणि घरातल्या मुलांना सोबत बसवा.