कुपीतली अंघोळ

रेडिओवरून सूर पोचतो, शब्द पोचतो. वास मात्र पोचत नाही. तरीही मित्रहो, आज मी वासाबद्दलच बोलणार आहे. निमित्त घडले ते आमच्या भातसानगरला.

एका उन्हाळ्यात जवळच्या पाड्यावरचा एक मुलगा संध्याकाळी घरी आला. वय पंचविशीचे. मुंबईत एका दुकानात विक्रेता आहे. पहाटे आसनगाव गाठायचे, लोकल पकडायची आणि रात्री परतायचे, हा त्याचा रोजचा क्रम. त्याने खिशातून एक हिरवट कुपी काढली. "चाचा, तुम्हाला अत्तरातलं कळतं. ही लिंबाच्या वासाची आहे, दोनशेला मिळाली. बरी आहे का?" मी म्हटले, "एकदम ही हौस कुठून आली?" त्याने मान खाली घातली. वरिष्ठाने चारचौघांत त्याला सुनावले होते की तुझ्या अंगाला घामाचा वास येतो, गिऱ्हाईक नाक मुरडते.

मी कुपी ठेवून घेतली आणि आठवडाभराने ये म्हणून सांगितले. झाकण उघडले मात्र, मी पन्नास वर्षे मागे गेलो.

भातसा धरणाचे काम चालू होते तेव्हाची गोष्ट. अब्बा धरणाच्या गोदामात कारकून होते. आमच्या घरी सुगंध दोन प्रकारचे. ईदेला अब्बांच्या कानात खोचलेला हिन्याचा फाया आणि तापात माझ्या कपाळावर ठेवलेली युडीकोलनची घडी. अब्बा एरवी स्पिरिटच्या सुगंधाला हात लावत नसत, नमाजाला चालत नाही म्हणत. पण अम्मी म्हणे, "हे अत्तर नाही, औषध आहे." अब्बा गप्प बसत.

अम्मीचे म्हणणे इतिहासाला धरून होते, हे मला फार उशिरा कळले. युडीकोलन म्हणजे 'कोलोनचे पाणी'. कोलोन हे जर्मनीतले ऱ्हाईनकाठचे शहर. तिथे स्थायिक झालेल्या जोहान मारिया फारिना या इटालियन माणसाने अठराव्या शतकाच्या आरंभी हा सुगंध सिद्ध केला. 1708 साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या वासाची तुलना इटलीतल्या वसंताच्या सकाळीशी, पावसानंतरच्या संत्र्याच्या मोहोराशी केली होती. 1709 साली सुरू झालेली त्या घराण्याची पेढी आजही चालू आहे. त्या काळी युरोपात कस्तुरीसारखे जड वास चालत. त्यांच्यापुढे लिंबू, संत्रे आणि बर्गमॉट यांच्या सालींचे हे हलके पाणी अगदी नवे होते. बर्गमॉट हे लिंबाच्या कुळातले फळ, मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात पिकते.

पण लोक हे पाणी नुसते अंगाला लावत नसत, औषध म्हणून पीतही असत. 1810 साली नेपोलियनने गुप्त औषधांची कृती सरकारला कळवावी असा हुकूम काढला. कृती कोण सांगणार? तेव्हा कोलोनच्या व्यापाऱ्यांनी हे औषध नव्हे, सुगंध आहे असे म्हणायला सुरुवात केली. याच शहरातल्या दुसऱ्या एका प्रसिद्ध कोलोनचे नाव 4711. फ्रेंच सैन्याने 1794 साली शहर घेतले. त्यांच्या अमदानीत घरांना क्रमांक पडले, त्यातला हा एक. युरोपात औषधाचा सुगंध झाला, आमच्या घरात मात्र सुगंधाचे पुन्हा औषध झाले होते. तापलेल्या कपाळावर स्पिरिट उडून जाते, जाताना उष्णता घेऊन जाते, एवढेच त्यातले शास्त्र. आता मात्र डॉक्टर लहान मुलांना असे स्पिरिट लावू नका म्हणतात. ते अंगात भिनण्याचा धोका असतो.

आपल्याकडे गंधाचे शास्त्र नव्हते असे नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि 'गंधवाद' हे दुर्मिळ ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. त्यांतल्या 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे! दोन्ही ग्रंथ 1989 साली बडोद्याहून छापले गेले. लिंबाच्या कुळाचा मानही आपल्याकडे जुना आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या एका हातात म्हाळुंग आहे. कुराण पठण करणाऱ्या श्रद्धावानाला हदीसमध्ये ज्या 'उत्रुज्जा'ची उपमा दिली आहे, चवीला गोड आणि वासालाही गोड, तेही म्हाळुंगच. ज्यू लोक सुक्कोथच्या सणाला हेच फळ हातात धरून प्रार्थना करतात.

आता त्या मुलाच्या कुपीकडे वळू. स्वस्त आणि ताज्या वासाची कुपी पारखायची कशी? दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून निकाल देणे हा सगळ्यात मोठा धोका. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनिन असते. ते फार लवकर उडते, म्हणून ते आधी नाकाला भेटते आणि आधी निरोपही घेते. कनौजचे अत्तरवाले देगेतून निघालेली फुलांची वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात धरून ठेवतात. लिंबाच्या कुपीतही मागे काही धरणारे लागते, लाकडाचा किंवा कस्तुरीसारखा वास. स्वस्त कुपीत काटछाट होते ती तिथे. कोलोन जातीच्या सुगंधात सुगंधी तेलच साधारण दोन ते पाच टक्के, बाकी स्पिरिट आणि पाणी.

मी कुपी घेऊन आसनगावहून पहिली लोकल पकडली. गाडी सुटताना मनगटावर आणि रुमालावर एकेक फवारा मारला. वाशिंदपर्यंत लिंबू अगदी ताजे, नुकते चिरल्यासारखे. खडवलीला थोडा साबण जाणवू लागला. यात कुपीचा दोष थोडा, आपल्या नाकाचा जास्त. 1975 साली लिरिल आला, पुढे भांड्यांच्या साबणांनीही लिंबू उचलले. आपल्याला लिंबू म्हटले की न्हाणीघर किंवा मोरीच आठवते. टिटवाळ्याला लिंबू उतरून गेले. कल्याणला मनगटावर एक फिकट, स्वच्छ, लाकडासारखा वास उरला होता. दादरला मनगट कोरे, पण रुमालावर अजून धुगधुगी होती.

दोनशे रुपयांत हे वाईट नाही. आठवड्याने मुलगा आला तेव्हा मी त्याला तसेच सांगितले. "घरून लावून निघू नकोस. कुपी बरोबर ने, दुकानाजवळ पोचल्यावर लाव. कातडीवर नको, सदऱ्याला आतल्या बाजूने लाव; पण आधी कोपऱ्यावर डाग पडतो का बघ. मानेवर मारून उन्हात जाऊ नकोस. बर्गमॉटचे कच्चे तेल असेल तर उन्हाने काळे डाग पडतात. कुपी पत्र्याखाली उन्हात ठेवू नकोस, वास बिघडतो."

तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "घामाचा वास जाईल ना पण?"

इथे मात्र मला खोटे बोलवेना. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. कातडीवरचे जंतू त्याला वास आणतात. न धुतलेल्या अंगावर लिंबू मारले तर दोन्ही वास एकमेकांत मिसळतात. त्यावर उपाय एकच, पाणी. मी विचारले, "अंघोळ कधी होते?" म्हणाला, "टँकर येतो त्या दिवशी. बाकी दिवशी तांब्याभर पाण्यात अंग पुसतो. आई हंडे लांबून आणते, तिच्याजवळ कसं मागू?"

मी काय बोलणार? भातसाचे पाणी नदीतून पिशाला जाते, तिथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईला पोचते. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. ते धरण बांधणाऱ्यांच्या गोदामात माझ्या बापाने हिशेब लिहिले. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. ज्या गिऱ्हाइकाने या मुलाकडे बघून नाक मुरडले, ते सकाळी याच्याच नदीच्या पाण्याने अंघोळ करून आले असेल.

'ताजेपणा' म्हणून कुपीत भरून विकतात तो नुकत्याच केलेल्या अंघोळीचा वास असतो. ज्याच्या घरी पाणी आहे त्याची ती हौस. या मुलाला मात्र ती दोनशे रुपये देऊन उसनी घ्यावी लागते.

"चाचा, पैसे वाया नाही ना गेले?" त्याने विचारले.

"नाही रे," मी म्हटले, "कुपी चांगली आहे."

त्याने ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याला पहाटेची लोकल होती.