जीवनशैली आणि प्रजननक्षमता

गर्भधारणा होण्याच्या किंवा घडवून आणण्याच्या स्त्री-पुरुषांच्या जैविक क्षमतेस प्रजननक्षमता म्हणतात. गर्भनिरोधक न वापरता बारा महिने नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा न झाल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ते वंध्यत्व ठरते. संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना आयुष्यात केव्हातरी या अवस्थेस सामोरे जावे लागते. आहार, वजन, व्यसने व कामाचे स्वरूप यांचा प्रजननक्षमतेवर परिणाम होतो. तथापि वंध्यत्वाची सर्वच कारणे जीवनशैलीतील बदलाने दूर होत नाहीत.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज अशा चार गोष्टी आवश्यक मानल्या असून त्यासाठी अंकुराची उपमा योजली आहे. त्यांपैकी ऋतू, म्हणजे योग्य काळ, आजही पहिला मुद्दा आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर जेमतेम एक दिवस फलनक्षम राहते, तर शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे प्रत्येक पाळीचक्रात गर्भधारणेची शक्यता सुमारे सहा दिवसच असते. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल, तर हा काळ साधारणतः आठव्या ते चौदाव्या दिवसांच्या आसपास येतो. कामानिमित्त पती पुण्या-मुंबईस राहत असेल आणि महिन्यातून दोन-तीन दिवसच घरी येत असेल, तर शरीरात कोणताही दोष नसतानाही हा काळ हुकत राहतो.

पुरुषांमधील घटक

मूल न होण्याचा दोष परंपरेने स्त्रीवर येतो. 'वांझ' या शब्दाला प्रचलित मराठीत तितका रूढ पुल्लिंगी पर्याय नाही. प्रत्यक्षात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषातील कारण एकटे किंवा स्त्रीतील कारणासह आढळते. वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी असावे लागते. म्हणून भट्टीसमोरचे दीर्घकाळचे काम शुक्राणुनिर्मितीस प्रतिकूल ठरू शकते. व्यायामशाळांतून मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने पौरुष वाढवतात असा समज आहे. परंतु ती शुक्राणूंची निर्मिती रोखतात, कधी पूर्ण थांबवतात. काही कीटकनाशकेही घातक असतात. डायब्रोमोक्लोरोप्रोपेन या सूत्रकृमिनाशकामुळे कॅलिफोर्नियातील कारखान्याच्या कामगारांना वंध्यत्व आल्याचे १९७७ साली उघडकीस आले. फवारणी करताना हातमोजे व मुखपट्टी वापरण्यास या दृष्टीनेही महत्त्व आहे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे तंबाखू, गुटखा वा मद्य सोडल्याचा परिणाम तपासणीत दिसण्यास किमान तीन महिने जावे लागतात.

आहार, वजन आणि तंबाखू

अतिकृशता व अतिस्थूलता या दोन्हींमुळे स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया अनियमित होते. पीसीओएस असलेल्या स्थूल स्त्रियांमध्ये वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले तरी अनेकदा पाळी पूर्ववत होते. मिश्री लावणे हे ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक स्त्रियांना व्यसन वाटत नाही. मात्र मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय. गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्याची शिफारस केली जाते. ते गर्भाच्या मज्जारज्जूतील दोष टाळण्यासाठी असते.

मराठवाड्यातील संदर्भ

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण २०१८ साली प्रसारित केले. रक्तक्षयग्रस्त स्त्रियांच्या आहारात अशा ज्वारीची भाकरी उपयुक्त आहे. ती वंध्यत्वावरील औषध मात्र नव्हे.

परभणी, बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी सुमारे सहा महिने स्थलांतर करतात. फडाजवळच्या कोपीत राहताना शौचालय, स्वच्छ पाणी आणि विश्रांती यांपैकी काहीच हाताशी नसते. अशा वेळी आरोग्यदायी सवयींचा उपदेश अपुरा पडतो. जननमार्गाच्या जंतुसंसर्गावर वेळेत उपचार न झाल्यास बीजवाहिन्या बंद होऊ शकतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण २०१९ साली चर्चेत आल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पांढरे पाणी जाणे, कंबरदुखी यांसारख्या तक्रारींसाठी तरुण वयातच या शस्त्रक्रिया झाल्याचे त्यातून चर्चेस आले.

मर्यादा आणि तपासणी

बंद बीजवाहिन्या, जननेंद्रियांचा क्षयरोग किंवा वीर्यातील शुक्राणूंचा पूर्ण अभाव यांवर आहार-व्यायामाचा उपाय चालत नाही. जननेंद्रियांच्या क्षयरोगात खोकला नसतो, त्यामुळे तो अनेकदा मूल न होण्याच्या तपासणीतच सापडतो. त्यावरील औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. घरगुती काढे व गंडेदोरे यांत वर्षे गेल्यास उपचारांच्या यशाची शक्यता घटते, कारण पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता वेगाने उतरते. स्त्रियांचे वंध्यत्व दूर करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये बंदी आहे.

स्त्रीचे वय ३५ पेक्षा अधिक असल्यास एक वर्ष न थांबता सहा महिन्यांनी तपासणी करावी, असे वैद्यकीय संकेत आहेत. वीर्यतपासणी स्वस्त व वेदनारहित असल्याने ती आरंभीच केली जाते. भारतातील शास्त्रीय नोंद असलेले परीक्षानळी बालक ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मले. अशा उपचारांच्या केंद्रांना २०२१ च्या अधिनियमान्वये नोंदणी बंधनकारक आहे.