मनगटी घड्याळाचें मोल

एखादी नवी वस्तु दुकानांत येण्यापूर्वीं तिची किंमत काय असेल याविषयीं लोक जे तर्क लढवितात, ते पुढें कोणी वाचीत नाहीं. खरी किंमत कळली, कीं त्यांचें काम संपलें. आम्हांस मात्र ते जपून ठेवण्याजोगे वाटतात. कारण त्यांत वस्तूपेक्षां तर्क करणाराचीच ओळख अधिक पटते. ता. ९ सप्टेंबर २०१४ रोजीं अमेरिकेंतील अ‍ॅपल कंपनीनें आपलें मनगटी यंत्र जगास दाखविलें. ‘३४९ डॉलरपासून पुढें’ एवढेंच त्या वेळीं सांगण्यांत आलें, आणि पुढचे सहा महिने जगभर अंदाजांस ऊत आला. त्या यंत्राचा एक प्रकार अठरा कॅरट सोन्याच्या कवचाचा होता. त्याची किंमत कोणी पांच हजार डॉलर सांगे, कोणी दहा हजार, कोणी वीस हजार. पुष्कळांची रीत मात्र सराफी होती: सोनें किती तोळे असेल, आजचा भाव काय, घडणावळ किती, आणि वर नफा किती. मार्च २०१५ मध्यें कंपनीनें दहा हजारांपासून सतरा हजारांपर्यंतचे आंकडे जाहीर केले. आणि दीड वर्षांतच, २०१६ च्या सप्टेंबरांत, तो सोन्याचा प्रकार विक्रींतून काढून टाकला. तोळ्यांचा हिशेब करणारांनीं एक प्रश्न विचारला नव्हता. तो असा, कीं हें घड्याळ बांधणार कोण?

हाच प्रश्न प्रथम विचारून मग घड्याळ बनविणारा एक गृहस्थ एकोणिसाव्या शतकांत होऊन गेला. स्वित्झर्लंडांत वसलेल्या जॉर्ज रॉसकॉफनें आधीं किंमत ठरविली, वीस फ्रँक, म्हणजे त्या काळच्या मजुराची सुमारें एका आठवड्याची मजुरी. आणि त्या किंमतींत बसेल असें यंत्र मग शोधून काढलें. जेथें भाग कमी करितां आले तेथें कमी केले, आणि कवच साध्या धातूचें ठेविलें. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यास पदक मिळालें. आपल्या घड्याळास त्यानें मजुराचेंच नांव दिलें होतें. पुढें १८९६ सालीं अमेरिकेंत इंगरसोल कंपनीनें एका डॉलरास घड्याळ विकण्यास आरंभ केला, तोही याच वाटेनें.

आमच्या सोलापुरास या गोष्टीचा कांहीं संबंध नाहीं असें वाचकांस वाटेल. परंतु घड्याळाची खरी किंमत काय, हें सोलापुरास पुस्तकांवांचून कळलें आहे. १८६० सालीं येथें आगगाडी आली. १८७७ सालीं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला सगळें गांव पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागलें, ती चालूं झाली. त्यापूर्वीं विणकराचा दिवस मागावर सुरू होई व मागावरच संपे. आंध्र-तेलंगणांतून येथें येऊन राहिलेल्या पद्मशाली कुटुंबांत सूत भरण्यापासून वस्त्र उतरेपर्यंत सारें घर राबत असे, आणि सूर्य हेंच त्यांचें घड्याळ होतें. गिरणी आली आणि दिवसाचा आरंभ भोंग्याच्या स्वाधीन झाला. भोंगा सर्वांस ऐकूं येई, पण तो ज्या घड्याळावर वाजे तें घड्याळ कामगाराच्या मालकीचें नव्हतें.

येथें कायद्याकडे थोडें वळलें पाहिजे. १९११ च्या कारखाना-कायद्यानें कापडाच्या गिरणींतील प्रौढ पुरुषांच्या कामास दिवसास बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्यें ती अकरा तास व आठवड्यास साठ तास झाली. १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांत ती दहावर आणली. कायद्यानें तास दिले खरे. पण तास मोजण्याचें साधन दिलें नाहीं. ज्याच्या घरीं घड्याळ नाहीं त्यानें अकरा तास झाले कीं साडेअकरा, हें कशावरून म्हणावें? गिरणीच्या भिंतीवरच्या घड्याळावरूनच! म्हणजे वादी जो, त्यानें साक्ष प्रतिवादीच्याच कारकुनाची काढावयाची, त्यांतला हा प्रकार. ता. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें सर्व हिंदुस्थानास एकच वेळ लावली. मुंबईची वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटें मागें होती, आणि त्याच महिन्यांत मुंबईच्या जेकब ससून गिरणींतील कामगारांनीं गिरणीच्या घड्याळावर दगड फेकले. कित्येकांस यांत केवळ अडाणीपणा दिसला. आम्हांस तसें वाटत नाहीं. पहांटे एकोणचाळीस मिनिटें आधीं उठावें लागणाऱ्या माणसास तीं मिनिटें कोणी घेतलीं हें नीट समजलें होतें. सोलापूरचा सूर्यही त्या सरकारी वेळेच्या सुमारें सव्वीस मिनिटें मागें चालतो. मात्र तेथें सूर्याची फिर्याद ऐकण्यास कोणी बसलें नव्हतें.

मनगटावर घड्याळ बांधणें हें आरंभीं पुरुषास शोभत नाहीं असें युरोपांत मानीत. तो बायकांचा दागिना. पहिल्या महायुद्धांत खंदकांतल्या शिपायास खिशांत हात घालण्यास सवड उरली नाहीं, तेव्हां ही लाज गेली. आपल्याकडे वेस्ट एंड वॉच कंपनीचें ‘सवार’ हें घड्याळ नांवावरूनच सांगतें, कीं गिऱ्हाईक कोण धरलें होतें: घोडेस्वार, शिपाई, सरकारी नोकर. गिरणीचा कामगार त्या गणनेंत नव्हता. ज्यांच्या घरीं मनगटी घड्याळ आलें त्यांच्याकडेही तें पुष्कळदां लग्नांत, सासऱ्याकडून, हुंड्याच्या यादींत लिहून आलें. आणि किंमतीचा तर्क मांडवांतच झाला. वरपक्षाच्या मंडळींनीं नवऱ्या मुलाचा हात उलटा करून कंपनीचें नांव वाचणें हा आमच्याकडे बराच काळ एक अलिखित विधि होता.

स्वातंत्र्यानंतर बंगलोरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें घड्याळें काढलीं. १९६१ मध्यें पंडित नेहरूंच्या हस्तें पहिलीं घड्याळें बाहेर पडलीं. त्यांतल्या एकाचें नांव ‘जनता’. (याच बंगलोरांत १९४० सालीं विमानांचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, १८८२ चा जन्म, इतका गांवाभिमान वाचक सहन करतील.) रॉसकॉफनंतर सुमारें शंभर वर्षांनीं आपल्याकडे पुन्हां लोकांच्या नांवाचें घड्याळ निघालें. पण मागणी मोठी आणि माल थोडा. त्यामुळें छापील किंमत एक आणि चोरट्या मालाची किंमत निराळी, असा दुहेरी बाजार पुष्कळ वर्षें चालला.

किंमतीचा तर्क किती वेगानें खोटा ठरतो याचें सर्वांत मोठें उदाहरण याच सुमारास घडलें. १९६९ च्या नाताळांत सायको कंपनीनें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ काढलें, किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यांत जपानांत एक लहान मोटार येई. १९७२ मध्यें हॅमिल्टनचें आंकडे उजळणारें ‘पल्सर’ २,१०० डॉलरास विकलें गेलें. पांच वर्षें झालीं नाहींत तोंच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनें तशाच जातीचें घड्याळ दहा डॉलरांच्या आंत आणलें. आपल्याकडे १९८४ मध्यें स्थापन झालेल्या टायटननें क्वार्ट्झ घड्याळाचा प्रसार केला, आणि चावीचें घड्याळ हळूहळू वडिलांच्या पेटींत गेलें. सरकारनें २०१६ मध्यें एच. एम. टी. चा घड्याळ-विभाग बंद करण्याचें ठरविलें. जुनी गिरणी तर त्याच्या किती तरी आधीं बंद झाली होती.

आज सोलापूरच्या नवी पेठेंत नाडी मोजणारें, पावलें मोजणारें, झोंप मोजणारें घड्याळ दीड-दोन हजारांत मिळतें. दहा वर्षांपूर्वीं अ‍ॅपलच्या घड्याळाविषयीं तर्क करणारांपैकीं कोणीं हा आंकडा धरला असेल असें वाटत नाहीं. तेव्हां रॉसकॉफचा हेतु सिद्धीस गेला, मजुराच्या हातीं घड्याळ आलें, असें म्हणून आम्ही येथेंच लेखणी ठेविली असती. पण मध्यंतरीं नागपूरच्या महानगरपालिकेनें आपल्या सफाई कामगारांच्या मनगटांवर घड्याळें बांधलीं. तीं विकत घ्यावीं लागलीं नाहींत. कामगार कोठें आहे, किती वेळ आहे, हें तीं घड्याळें उपग्रहाच्या द्वारें कचेरींतल्या पडद्यावर दाखवीत. आणि त्यावर हजेरी व पगार अवलंबून. कित्येक कामगारांनीं या पहाऱ्याविरुद्ध तक्रार केली. या घड्याळाच्या किंमतीविषयीं बाजारांत कोणीही तर्क लढविला नव्हता. कारण तें बांधणारा वेगळा आणि त्याचे पैसे देणारा वेगळा. वेळ पाहण्याचा अधिकार पुन्हां भिंतीकडे गेला होता, एवढेंच कीं भिंत आतां मनगटाला चिकटली होती.